जे खड्ड्यात असायला नको

"तुझा वर्ग, तुझी जागा, तुझे साहेब. मी कोण सांगणार? पण माझं ऐकशील तर आज ह्यांना बोलायला लावू नकोस," कणसाचे दाणे वाटीत काढत सासूबाई म्हणाल्या.

"आई, साहेब बाबांचे विद्यार्थी आहेत. बाबांचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत," ताई म्हणाल्या.

"एकच शब्द असता तर मी कशाला बोलले असते? ह्यांचे चार शब्द सुरू होतात तेव्हा सावली झाडाच्या एका बाजूला असते आणि संपतात तेव्हा दुसऱ्या."

ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बागेतल्या टेबलावर ताटं मांडायला घेतली. आज त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि तो ज्या एका दोरीला लटकत होता ती दोरी म्हणजे त्यांचे सासरे. सासरे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अख्खी वस्ती त्यांना सर म्हणत असे, आणि ते समोरून येताना दिसले की कामाची घाई असलेली माणसं रस्ता ओलांडत असत.

आता जागेचं सांगायला हवं. पाण्याच्या टाकीमागे नगरपालिकेची एक मोकळी जागा होती. मोकळी म्हणजे नावाला; विटांचे तुकडे, फुटक्या बाटल्या आणि एक पाय नसलेला पलंग तिथे सुखाने नांदत होते. ताई औषधांच्या दुकानात काम करायच्या. गल्ल्यामागे उभं राहून त्या रोज बघायच्या, की माणसं पोटाच्या गोळ्या पिशवी भरभरून नेतात आणि त्याच पिशवीत वर पाकिटातलं तळलेलं काहीबाही कोंबतात. एके दिवशी त्यांचं डोकं सटकलं. त्यांनी नगरपालिकेकडून ती जागा मागून घेतली, पलंग हलवला आणि रविवारचा वर्ग सुरू केला. वाफे कसे करायचे, बी कसं राखायचं, पिकलेलं कसं शिजवायचं आणि उरलेल्याचं खत कसं करायचं, हे सगळं तिथे शिकवलं जाई. फी नाही, परीक्षा नाही. हात काळे करायची तयारी हवी, एवढीच अट. वस्तीतल्या ज्या माणसांना भेंडी झाडाला लागते की जमिनीत, हे ठाऊक नव्हतं, ती आता एकमेकांना वांग्यावरच्या किडीबद्दल सल्ले देत होती.

आणि आता त्या जागेवर वाहनतळ करायचं घाटत होतं. त्यात मागच्या इमारतीतून कोणीतरी तक्रार केली होती की खताच्या खड्ड्यांचा असह्य वास येतो. नगरपालिकेचे साहेब आज स्वतः पाहायला येणार होते. जेवणार होते, बघणार होते, आणि जागा वर्गाकडे ठेवायची की तिथे फरशी घालायची हे इथेच सांगून जाणार होते.

ताईंचा बेत साधा होता. साहेबांना वर्गातलंच पिकलेलं खायला घालायचं. मग सरांनी उठून चार शब्द बोलायचे. मग साहेबांनी काड्याकचरा बारीक करायच्या नव्या यंत्राचं बटण दाबायचं. त्या यंत्राच्या आवाजामुळे वर्गात सगळे त्याला राक्षस म्हणत. तोंडात गेलेलं काहीही तो भुगा करून बाहेर काढायचा.

साहेब आले. अंगाने किडकिडीत, चेहऱ्यावर माशी बसली तरी उडवणार नाहीत असे. पण टेबलाशी बसलेल्या सरांना पाहिल्याबरोबर त्यांनी हातातला फोन खिशात टाकला आणि पाठ ताठ केली.

"बस," सर म्हणाले. साहेब बसले.

"मला फार वेळ नाहीये हं," त्यांनी ताईंना हळूच सांगितलं. "आणि वास येतो म्हणे इथे?"

"जेवा ना आधी, मग दाखवते."

"बघू," साहेब म्हणाले. ताईंनी घाईने वाढायला घेतलं.

भोपळ्याचं सूप झालं, पालक झाला, वर्गात येणाऱ्या बेकरीवाल्याने आणलेला पाव झाला. मग उकडलेली कणसं आली. सासूबाईंनी सरांपुढे दाण्यांची वाटी सरकवली. सरांनी ती, जणू कोणा परक्याची असावी तशी, कोपराने बाजूला सारली आणि अख्खं कणीस उचललं.

त्याला कारण होतं. वर्गात अन्नाचा धडा सर घ्यायचे. धड्याच्या शेवटी ते कच्चं गाजर कडाकडा चावून दाखवत आणि मग वरचे दात सगळ्यांना दिसतील असं हसत. "बघा. या वयात! कशामुळे? जवळ पिकलेलं, ताजं आणि चावून खाल्लेलं!" सरांना वरची कवळी बसवून बरीच वर्षं झाली होती, हे घरातल्या तिघांवाचून कोणालाही माहीत नव्हतं. निदान घरातल्या तिघांची तशी समजूत होती.

कणसाच्या दुसऱ्याच घासाला एक दाणा कवळीखाली शिरला. सरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साहेब पाण्याचा पेला तोंडाला लावून होते तेवढ्यात सरांनी मान वळवली, कवळी काढली, कागदी रुमालात गुंडाळली आणि ताटाच्या कडेला ठेवली. बेत असा, की साहेब उठले की नळावर जाऊन धुवायची आणि परत बसवायची.

आणि नेमकी तेव्हाच ताईंनी घंटा वाजवली.

ही घंटा म्हणजे वर्गाची शान. ती वाजली की टेबल बघता बघता साफ व्हायला हवं. ओलं एका बादलीत, खाऊन उरलेली कणसं राक्षसाच्या बादलीत, कागद फाडून पहिल्या खड्ड्यात, त्यावर वाळक्या पानांचा थर, त्यावर माती. या कामाचे म्होरके होते पोस्टमनकाका. सारी नोकरी ज्याची वस्तू त्याला पोहोचवण्यात गेली होती. नोकरी सुटली तरी हाताची सवय गेली नव्हती. समोर काही पडून राहिलं की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. साहेबांना ही शिस्त दिसावी म्हणून ताईंनी घंटा आज जरा जोरातच वाजवली होती.

"वा," साहेब म्हणाले. त्यांच्यापुढचं टेबल लख्ख झालं होतं.

ताई खूश होऊन सरांकडे वळल्या. आता चार शब्द! पण सर टेबलाच्या रिकाम्या कडेवरून हात फिरवत होते. एकदा फिरवला, परत फिरवला, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग खिशातून मोठा रुमाल काढून त्यांनी तोंडावर धरला.

"बाबा, काय झालं?" ताई कुजबुजल्या.

सरांनी रुमाल क्षणभर बाजूला केला. ताईंची दातखीळ बसली. सरांची बसायला जागाच नव्हती.

"कुठे ठेवली होती?"

सरांनी हवेत काहीतरी गुंडाळल्याची खूण केली आणि चकचकीत टेबलाकडे बोट दाखवलं. कागदी रुमाल. म्हणजे पहिला खड्डा. नाहीतर कणसांबरोबर गेली असेल तर राक्षसाची बादली. आणि राक्षसाचं बटण आता साहेब दाबणार.

त्यांनी नवऱ्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं. "अहो, साहेबांना बाग दाखवा. सावकाश."

"मी? मला टोमॅटोशिवाय काही ओळखता येत नाही गं."

"मग टोमॅटो दाखवा."

"किती वेळ टोमॅटो दाखवणार?"

"मी हाक मारेपर्यंत!"

ताईंचे यजमान हिशेबनीस होते आणि खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल होत. लाल कानांनी ते साहेबांना वाफ्यांकडे घेऊन गेले. ताई धावत पोस्टमनकाकांकडे आल्या.

"काका, टेबलावरचं सगळं कुठे गेलं?"

"जिथे जायचं तिथे."

"म्हणजे कागदी रुमाल?"

"पहिल्या खड्ड्यात. वर पानं टाकली, माती टाकली, वरखाली करून घेतलं. का हो?"

"आपल्याला ते सगळं परत बघायचंय. आणि कणसांची बादली पण."

काकांचा चेहरा पडला. "माझ्या हातून काही चुकलं का, ताई? सगळी नोकरी झाली, एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही मी."

"चुकलं नाही हो. पण शोधायला हवंय."

"काय शोधायचं ते सांगा."

ताईंनी सरांकडे पाहिलं. सर रुमालाआडून मान हलवत होते, नाही, नाही, नाही. त्या हलणाऱ्या मानेत गाजराचे सगळे धडे होते. इतकी वर्षं वर्गाला दाखवलेले ते दात खड्ड्यातून बाहेर निघताना वर्गाने पाहायचे, ही कल्पनाही त्यांना सोसवत नव्हती.

"जे तिथे असायला नको ते शोधायचं," ताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे... जे कुजणार नाही ते. कडक. पांढरं बिंढरं."

काकांनी हे अगदी मनावर घेतलं. त्यांनी बाह्या वर केल्या आणि वर्गातल्या सिस्टरांना हाक मारली. या सिस्टर दवाखान्यात परिचारिका होत्या आणि दर रविवारी न चुकता यायच्या. "चला, ताईंनी फेरतपासणी सांगितली आहे!" हा हा म्हणता सगळा वर्ग बादलीभोवती जमला.

"अगं, जरा इकडे ये," मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या मांडीवर पर्स घेऊन बाकावर बसल्या होत्या.

"आई, आत्ता नको," ताई म्हणाल्या आणि बादलीत वाकल्या.

कणसं एकेक करून बाहेर निघत होती तोवर साहेब परत आले. टोमॅटो संपले होते. यजमानांनी वांग्यालाही टोमॅटो म्हणून पाहिलं होतं, पण साहेबांना वांगं ओळखता येत होतं.

"हेच का ते यंत्र?" असं म्हणत साहेब थेट राक्षसापाशी गेले. यंत्राच्या तोंडात काकांनी घंटा होताच कणसांची पहिली ओंजळ भरून ठेवली होती. साहेबांचं बोट बटणाकडे निघालं.

"थांबा!" ताई इतक्या जोरात ओरडल्या की टाकीवरची कबुतरं उडाली.

साहेबांचं बोट हवेत राहिलं.

"म्हणजे... आधी आत काय जातंय ते बघायचं," ताई धापा टाकत म्हणाल्या. "आमच्या वर्गाचा पहिला धडा. एकेक कणीस हातात घेऊन. तपासल्याशिवाय बटण नाही."

"एकेक?"

"एकेक."

साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग सरांकडे. सर तोंडावर रुमाल धरून, डोळे वटारून बसले होते. साहेबांनी आवाज खाली आणला. "सर काही बोलत नाहीयेत. रागावलेत का माझ्यावर?"

"छे हो! आज ते फक्त ऐकणार आहेत."

"सर? ऐकणार?" साहेबांचा विश्वास बसेना. ते दोनदा वळून सरांकडे बघून आले.

राक्षसाच्या तोंडातून सगळी कणसं काढली, तपासली, परत घातली. एका कणसाला चिकटलेला चकाकता कागद निघाला, बादलीच्या तळाशी एक चमचा निघाला. काकांनी दोन्ही वस्तू विजयाने ताईंपुढे धरल्या. "हे का?" ताईंनी मान हलवली. काका पुन्हा वाकले. कवळी नव्हती. आता साहेबांना अडवायला काही कारणच उरलं नव्हतं. साहेबांनी बटण दाबलं, राक्षस गुरगुरला, कणसं आत ओढू लागला आणि मध्येच कडकन आवाज करून थांबला.

सरांनी डोळे मिटून घेतले. बेकरीवाल्याने यंत्रात डोकावून पाहिलं, आत काडी घालून ढोसलं आणि म्हणाला, "काही नाही, कणसाचं बूड अडकलंय." राक्षस परत गुरगुरला आणि भुगा बाहेर पडू लागला. साहेबांनी तो भुगा मुठीत घेऊन पाहिला. ताईंनीही पाहिला, पण त्यांच्या बघण्याचं कारण वेगळं होतं.

मग राहिला खड्डा. सगळा वर्ग खड्ड्याकाठी गुडघे टेकून बसला आणि कोपरापर्यंत हात आत घालून माती, पानं, सालं बाहेर काढू लागला.

"सूनबाई, मी काय म्हणते—" सासूबाई उठून जवळ आल्या होत्या.

"आई, तुमच्यापुढे हात जोडते, नंतर," ताई म्हणाल्या. जोडलेल्या हातांवरून सुपातल्या भोपळ्याच्या साली ओघळत होत्या.

साहेब लांब उभे होते. हातरुमाल घडी उलगडून तयार ठेवला होता. वास यायला लागला की नाकाला लावायचा. पण समोरचं दृश्य त्यांना समजत नव्हतं. माणसं खड्ड्यात पार नाकापर्यंत वाकली होती आणि एकानेही नाक धरलेलं नव्हतं. साहेब एक पाऊल पुढे आले. आणखी एक आले.

"वास नाही येत तुम्हाला?" त्यांनी सिस्टरांना विचारलं.

"येतो की. ओल्या पानांचा येतो," सिस्टर वर न बघता म्हणाल्या. "ओल्यावर सुकं टाकत गेलं की घाण नाही येत. नुसतं ओलं टाकलं तर येते. आत हात घालून बघा, गरम लागेल. जिवाणू कामाला लागलेत."

साहेबांनी लांब श्वास घेतला. अजून एकदा घेतला. मग हातरुमालाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि शर्टाच्या बाह्या दुमडू लागले.

"साहेब, तुम्ही नका!" ताई किंचाळल्याच.

"का नको? तुम्ही सगळे घालताय की."

"हात खराब होतील."

"होऊ देत," साहेब म्हणाले आणि बेकरीवाल्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसले.

ताईंची पाचावर धारण बसली. साहेब उकरण्यात भलतेच पटाईत निघाले. ते खोल जात होते, मूठ भरून वर काढत होते, बोटांनी चाळून बघत होते. "खरंच गरम आहे हो!" म्हणून हसत होते. ताई प्रत्येक मुठीवर डोळा ठेवून होत्या. सापडली तर यांच्या हाती नको, देवा. यांच्या हाती तेवढी नको. हे मनात म्हणून होतंय न होतंय तोच साहेब थबकले.

"हे काय आहे?" त्यांनी मूठ वर केली. "कडक आहे. आणि पांढरं."

सगळे हात थांबले. सरांनी बाकाची कड गच्च धरली. यजमानांचे कान कानशिलांपर्यंत लाल झाले. साहेबांनी बोटाने माती पुसली, वस्तू उजेडात धरली.

"दातांची रांग वाटली मला आधी!" ते म्हणाले. कणसाचा तुकडा होता, दाण्यांच्या दोन ओळी अजून शाबूत.

ताई हसल्या. गरजेपेक्षा फार मोठ्याने हसल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

"आता तरी ऐकशील का माझं?" सासूबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या.

"आई! आत्ता एक अक्षरही बोलू नका!"

सासूबाई सरळ झाल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, कोपरापर्यंत माखलेल्या साहेबांकडे पाहिलं, आणि तोंडाला रुमाल लावून गप्प बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसल्या.

साहेबांनी नळावर हात धुतले आणि ते सरांशेजारी येऊन टेकले. ताई खड्ड्यात हात घालून तशाच राहिल्या. कान मात्र बाकाकडे लागले होते. आता साहेब विचारणार. विचारलं की बाबांना तोंड उघडावं लागणार. उघडलं की साहेब बघणार, वर्ग बघणार, आणि गाजराच्या धड्यांपासून रविवारच्या वर्गापर्यंत सगळंच खोटं ठरणार.

"सर, तुम्हीच सांगा आता. काय करू मी?" साहेबांनी विचारलं.

सर बोलले नाहीत. त्यांचा गळा वरखाली झाला. जमिनीचा कस, अन्नाची गोडी, नागरिकांची कर्तव्यं, सगळं तिथे दाटीवाटीने उभं होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती.

"वरून म्हणतात वाहनतळ करा," साहेब पुढे म्हणाले. एरवी या जागी त्यांना कोणी पुढे बोलू दिलंच नसतं. "लोकही म्हणतात, गाड्या लावायच्या कुठे? मला वाटलं होतं, येईन, नाकाला रुमाल लावून एक चक्कर मारीन आणि नाही म्हणून सांगीन. खरं सांगू का सर, तुम्ही बोलायला लागलात तर कसं निघायचं, याचीच मला जास्त धास्ती होती. चालकाला सांगून ठेवलं होतं, थोड्या वेळाने फोन कर म्हणून."

सरांच्या भुवया वर गेल्या. पण बोलता येत नव्हतं. म्हणून त्यांनी फक्त साहेबांच्या हातावर हात ठेवला. साहेबांनी खाली पाहिलं. धुतल्यावरही नखांच्या कडांना काळी माती राहिली होती.

"आमच्याकडे बाल्कनीत एक कुंडी आहे," ते नखांकडे बघत म्हणाले. "त्यात बायको छत्र्या ठेवते." साहेबांचा फोन वाजू लागला. त्यांनी तो न बघताच बंद केला आणि ते उठले.

"ताई, तक्रारीचं उत्तर मी देतो. वास येत नाही, हे मी स्वतः हात घालून बघितलंय. गाड्यांना टाकीच्या पलीकडे जागा काढू. ही जागा वर्गाकडेच राहील." मग ते सरांकडे वळून वाकले. "येतो, सर. शाळेपासून आजपर्यंत पहिल्यांदाच तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत."

सरांचे डोळे भरून आले. ते समाधानाने, की हिरडीत अजून रुतून बसलेल्या दाण्याने, हे रुमालामुळे कळायला मार्ग नव्हता.

साहेबांची गाडी वळणापलीकडे गेली आणि ताईंनी तिथेच मातीत बसकण मारली. इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू त्यांना एकदम फुटलं. सिस्टरांनी पाठीवरून हात फिरवला. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. मग ताईंना आठवलं. जागा राहिली, पण दात गेले!

"काका, मिळालं का काही?"

पोस्टमनकाका अजून कंबरेपर्यंत खड्ड्यात होते. "तीन बटणं, एक केसांची पिन, आणि एका बाटलीचं झाकण," त्यांनी सगळं ओळीने मांडून ठेवलं होतं. "यातलं कुठलं?"

"यातलं कुठलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पर्स उघडली आणि कागदी रुमालाची पुरचुंडी बाहेर काढली. "हे शोधतेस ना तू?"

पोस्टमनकाकांनी कपाळावर हात मारला. "अहो, ती होय! ती तर मी तेव्हाच आईंच्या हातात दिली!"

"तेव्हाच म्हणजे कधी?"

"घंटा झाली तेव्हा. रुमाल उचलला तर जड लागला. उघडून बघितलं, तर सरांची वस्तू. सर साहेबांकडे बघत होते, म्हणून घरच्या माणसाकडे सोपवली. मालक गुंतलेला असला की तसंच करतात ना? आधी सांगायचंत की, कवळी शोधतोय म्हणून!"

"पण तुम्हाला... म्हणजे बाबांना कवळी आहे, हे तुम्हाला—"

"ताई, गाजर चावताना ती हलते," सिस्टर हळूच म्हणाल्या. "आम्ही सगळे पहिल्या धड्यापासून बघतोय."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"सर इतकं मनापासून सांगतात. कोण बोलणार?"

सरांनी रुमाल डोळ्यांवर घेतला.

"आई, तुम्ही तरी सांगायचंत!" ताई कळवळून म्हणाल्या. "माझा अर्धा जीव गेला ना!"

"तीनदा आले होते सांगायला. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, एक अक्षर बोलू नका. नाही बोलले," सासूबाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? तेवढ्यात मनात आलं, हे गप्प आहेत, साहेब माती चिवडतोय, सगळं बरं चाललंय. कशाला मोडता घाला?"

सरांनी हात पुढे केला, पुरचुंडी घेतली आणि नळावर गेले. कवळी धुतली, दाणा काढून टाकला, ती नीट बसवली. मग ते सावकाश परत आले, टेबलाच्या टोकाशी उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. ही खूण वर्गाच्या ओळखीची होती. सगळे बाकांवर बसले. बेकरीवाल्याने आपली खुर्ची, पुढे जिथे सावली येणार होती, तिथे आधीच सरकवली. ताईही डोळे पुसून बसल्या. आज बाबांनी दिवस मावळेपर्यंत बोललं तरी त्या ऐकणार होत्या.

सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. घसा खाकरला.

"कणीस उरलंय का एखादं?" त्यांनी विचारलं.

कणसं कुठली उरायला. सगळ्यांनी राक्षसाकडे पाहिलं. सासूबाईंनी मात्र बाकाखालून झाकलेली वाटी काढली आणि सकाळी काढून ठेवलेले दाणे सरांपुढे ठेवले. सरांनी एकदा वर्गाकडे पाहिलं. मग वाटी जवळ ओढली आणि सगळ्यांच्या देखत, एकेक दाणा, सावकाश खायला लागले.

वाटी रिकामी झाली तशी पोस्टमनकाकांनी ती उचलली. पण उचलण्याआधी त्यांनी आत वाकून नीट पाहून घेतलं.